बैर-लहाय-रोईची नोंद

रविवार, दिनांक ७ नोव्हेंबर १९५४, यहुदी पंचांगाप्रमाणे हेश्वान महिन्याचा अकरावा दिवस, दुपारी चार वाजता, कुलाबा जिल्हा, अलिबाग तालुका, मौजे वेलखार येथील बेने इस्रायल प्रार्थनालयाच्या ओसरीवर जमातीच्या पंचांची सभा भरली. हजर इसम अकरा. अध्यक्षस्थानी मुकादम रहामीम हसाजी वेलखारकर. विषय एकच: कबरस्तानाची नवी भिंत.

इतके मी नोंदवहीत लिहिले, टाक पुसला आणि खिशातून माझे कागद काढले.

"किती पानं, मास्तर?" एलोजी चौगुल्यांनी विचारले.

"नऊ."

"भिंतीला चिरे लागतात हो. कागदाची भिंत गुरं खातील."

नऊ माणसे हसली. मी हसलो नाही, आणि मुकादम कधीच हसत नसत.

मी जमातीचा चिटणीस होतो आणि गावच्या शाळेत मराठी शिकवीत होतो. छत्तिसाव्या वर्षी माणसाला जितका अभिमान शोभतो, त्याहून अंमळ जास्त मला माझ्या गद्याचा होता. वाक्य कर्त्यापासून क्रियापदापर्यंत न अडखळता चालले पाहिजे, मुद्द्याला आकडा पाहिजे, आणि प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडून मगच ते खोडले पाहिजे, अशी माझी शिस्त होती. आमच्या शास्त्रात येणाऱ्या गावांच्या, डोंगरांच्या आणि विहिरींच्या नावांचा एक मराठी कोश मी सहा वर्षे लिहीत होतो. खिशातून निघालेली नऊ पाने त्याच कोशातली होती आणि ती मी कबरस्तानाच्या भिंतीकरता आणली होती. हे विचित्र वाटेल. म्हणून भिंतीचे आधी सांगतो.

आमचे कबरस्तान गावाच्या दक्षिणेला, खाडीकडे उतरत्या जमिनीवर आहे. त्याच्या मधोमध तेव्हा निवडुंगाची एक वई होती, पुरुषभर उंच आणि हातभर जाड. वईच्या अलीकडे गोरे इस्रायल पुरलेले, पलीकडे एका जुन्या उंबराखाली काळे इस्रायल. हे कातडीचे रंग नव्हते. माझी स्वतःची कातडी पलीकडच्या कित्येकांहून सावळी आहे. कधी काळी ज्यांच्या घराण्यात परजातीची आई आली, ते काळे. त्यांचा शनिवार तोच, प्रार्थना तीच, सुंता आठव्याच दिवशी. फक्त त्यांच्याशी सोयरीक नाही, प्रसादाच्या ताटाला त्यांचा हात शेवटी, आणि मेल्यावर वईच्या पलीकडे. वेलखारात अशी चार घरे होती. तीन मुंबईला गेली. चौथ्या घरात एकच माणूस उरले होते, आणि ते माझ्या घरी राहत होते.

गुरे शिरतात म्हणून जांभ्या चिऱ्यांची पक्की भिंत घालायचे ठरले होते. ती वईच्या ओळीवरून जाणार होती. उंबर, त्याखालची जमीन आणि तिथली माणसे भिंतीबाहेर राहणार होती.

"माझा अर्ज असा," मी उभा राहून म्हणालो, "की केतुराबाई वेलखारकर यांना, जेव्हा केव्हा वेळ येईल तेव्हा, माझ्या आईच्या शेजारी, भिंतीच्या आत जागा मिळावी."

"बाई आजारी आहे का?" एकाने विचारले.

"नाही."

"सकाळी मी तिला नारळ सोलताना पाहिली," एलोजी म्हणाले. "माझ्याहून भराभर सोलत होती. आणि तू तिची कबर आखायला निघालास? तिला विचारलंस तर झाडूने हाणील."

पुन्हा हशा. मी तो विझू दिला आणि मग उत्तर दिले. आमच्यात माणूस गेला की दिवस मावळायच्या आत माती द्यावी लागते. त्या चार तासांत कोणी रडेल की वाद घालील? म्हणून वाद आज.

हा मुद्दा चालला. मुकादमांनी मान हलवली. ते पासष्ट वर्षांचे होते, सरळ नाकाचे, कमी बोलणारे. सभेत बहुतेक वेळ ते स्वतःच्या काठीच्या मुठीकडे पाहत बसत.

केतुराबाई माझी कोण, हे ओसरीवर कोणाला सांगायची गरज नव्हती. इन्फ्लुएंझाच्या साथीत माझी आई गेली तेव्हा मी तीन आठवड्यांचा होतो. केतुराबाईचे स्वतःचे मूल त्याच साथीत, त्याच पंधरवड्यात गेले होते. तिने मला पदराखाली घेतले. पुढे दोन वर्षे मी तिच्या दुधावर जगलो आणि नंतरची चौतीस वर्षे तिच्या हातच्या भाकरीवर.

मग मी नऊ पाने वाचली.

अब्राहामाची बायको सारा, तिची दासी हागार घरातल्या जाचाला कंटाळून रानात पळाली. तिच्या पोटात अब्राहामाचेच मूल, इश्माएल, होते. शूरच्या वाटेवर, एका झऱ्यापाशी, देवाच्या दूताने तिला गाठले आणि नावाने हाक मारली. त्या जागेला पुढे जे नाव पडले ते बैर-लहाय-रोई. बैर म्हणजे विहीर, लहाय म्हणजे जो जिवंत आहे त्याची, रोई म्हणजे मला पाहणारा. मला पाहणाऱ्या जिवंत देवाची विहीर. काही पंडित म्हणतात की मूळ अर्थ हरणाच्या जबड्याचे हाड असा असावा, कारण तशा आकाराचा खडक तिथे असेल. हे मत मी सात मुद्द्यांनी खोडले होते आणि सातही मुद्दे वाचले. ती विहीर कादेश आणि बेरेद यांच्यामध्ये नेमकी कुठे, यावर अडीच पाने होती. शेवटी निष्कर्ष: ज्या जागेला देवाचे नाव दासीच्या तोंडून मिळाले ती जागा शास्त्राने पुसली नाही, मग दासीच्या लेकरांना भिंतीबाहेर ठेवणारे आपण कोण?

मी खाली बसलो. वाक्य चांगले उतरले होते. ओसरीवर शांतता होती आणि ती माझ्या बाजूची आहे असे मला वाटले.

एलोजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचा तेलाचा घाणा होता. आमच्या वाडवडिलांना गावाने ज्या धंद्यावरून शनिवारतेली म्हटले, तो करणारे ते शेवटचे. शाळा त्यांनी चौथीपर्यंत पाहिली होती, पण शास्त्र त्यांना माझ्याइतकेच पाठ होते.

"देवाने तिला पाहिलं, कबूल," ते म्हणाले. "पण पाहून काय सांगितलं? ते का नाही वाचलंस? परत जा, आपल्या धनिणीच्या हाताखाली राहा, असं सांगितलं ना?"

"सांगितले. पण त्यापुढे..."

"पुढचं राहू दे. दुसरं विचारतो. शुक्रवारी संध्याकाळी तू घरी पेल्यावर आशीर्वाद म्हणतोस?"

"म्हणतो."

"आधी तू पितोस. मग?"

"मग सिपोरा."

"मग?"

"मुली."

"आणि मग?"

मी पाने चाळली. मुद्दा क्रमांक एक असा कोणताच सापडला नाही.

"छत्तीस वर्षं," एलोजी हळू आवाजात म्हणाले. त्यांना चेव आला असता तर मला बरे वाटले असते. "तिच्या दुधावर वाढलास आणि तुझ्या घरात पेला तिच्याकडे शेवटी जातो. माझ्याही घरात तेच झालं असतं, मी नाही म्हणत नाही. पण मी नऊ पानं लिहिली नाहीत."

मुकादमांनी काठी जमिनीवर टेकली. "दोन आठवड्यांनी, रविवारी, कबरस्तानातच भेटू. गवंडी येणार आहे. दोरी धरू तेव्हा ठरवू."

त्या दिवशीच्या इतिवृत्तात पुढे लिहिले आहे: चर्चा झाली. माझ्या हातून नोंदवहीत गेलेले तेवढे एकच ढिसाळ वाक्य.

दोन आठवडे मी पेल्याचा विचार केला. विचार करण्यासारखे त्यात काही नव्हते, आणि तीच अडचण होती. मी कधी ठरवून तो तिला शेवटी दिला नव्हता. वडील तसा देत, मी तसा दिला. ती दाराजवळ बसे, म्हणून तिच्यापर्यंत शेवटी जाई, असा एक मुद्दा मला सुचला. मग ती दाराजवळ का बसे, हा त्यावरचा प्रतिवाद मलाच सुचला आणि मी तो मुद्दा सोडला.

१९ तारखेच्या शुक्रवारी सूर्य मावळताना माझ्या बायकोने, सिपोराने, खोबरेल तेलाची काचेची दिवटी पेटवली. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेले सरबत पेल्यात ओतले. द्राक्षाचा रस कोकणात कुठून यायचा, आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या हेच चालत आले. मी आशीर्वाद म्हटला, घोट घेतला, आणि उठून दाराजवळ गेलो.

केतुराबाईने पेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हे काय?"

"घे, बाय."

"आधी सिपोराला दे."

"आज आधी तू."

"का? आज मी मरणार आहे का?"

मुली खुदकन हसल्या. सिपोराने पदर तोंडाला लावला. मी पेला तसाच धरून उभा होतो.

"एलोजीने सभेत काय विचारलं ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "भांडण तुझं नि त्याचं. त्यात पेला माझ्या नाकाशी कशाला आणलास?"

"चुकलं माझं, बाय."

मग तिने पेला दोन्ही हातांनी घेतला, एक घोट घेतला, जिभेवर फिरवला.

"मनुका नीट भिजल्या नाहीत," ती सिपोराला म्हणाली. "दुपारपासून टाकायला हव्या होत्या." आणि पेला पुढे केला.

जेवण झाल्यावर मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. ती सुपारी कातरत नव्हती, कारण दिवस मावळला तसा शनिवार लागला होता, आणि शनिवारी काम करायचे नसते. तिचे हात मांडीवर मोकळे पडले होते, आणि मोकळे हात तिला शोभत नसत.

"कबरीचं काय मागितलंस?" तिने विचारले.

"आईच्या शेजारची जागा. तुझ्यासाठी. भिंतीच्या आत."

"मला कोणी विचारलं?"

सहा महिने मी हा खटला मनात चालवला होता. पंचांचे आक्षेप, त्यांची उत्तरे, उत्तरांवरचे आक्षेप, सगळे कलमवार लिहिले होते. एका माणसाला विचारायचे राहिले होते, आणि ते माझ्याच पडवीत निजत होते.

"शमू," ती म्हणाली, "उंबराखाली माझी आई आहे. माझा इशा आहे, बावीस दिवसांचा. जे दूध तू प्यालास ते त्याचं होतं. मी त्याला कधी काही म्हटलं नाही आणि त्याने मला नाही. त्याला तिथं टाकून मी भिंतीच्या आत येऊन निजू? तुझ्या आईला सोबत आहे. सगळी जमात आहे तिला. माझ्या पोराला कोण आहे?"

मी तिच्या पावलांवर हात ठेवला. तिने तो उचलून बाजूला केला.

"रडू नकोस. शाब्बाथ लागला आहे."

थोड्या वेळाने तिनेच विचारले, "ती नऊ पानं कसली होती?"

"हागारेच्या विहिरीच्या नावाची. बैर-लहाय-रोई."

"ती होय. ती मला माहीत आहे."

"तुला?"

"कीर्तनात ऐकली. आपल्या प्रार्थनालयापुढे मांडव घालून कीर्तन व्हायचं, तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. बुवा झांज थांबवून सांगायचे, की म्हातारा अब्राहाम गेला आणि मग इसहाक त्या विहिरीवर जाऊन राहिला. साराचा लेक! बापाची एवढी गुरं, एवढे तंबू, पण राहायला गेला कुठं, तर हागारेच्या विहिरीवर. आहे ना तसं?"

आहे तसे. शास्त्रात ते वाक्य आहे, मला ते पाठ होते, आणि नऊ पानांत ते मी घेतले नव्हते. नावाच्या व्युत्पत्तीशी त्याचा संबंध नाही, असे मी समासात टिपून ठेवले होते. हरणाचा जबडा घेतला होता. इसहाक वगळला होता.

"त्याला कोणी नेलं होतं तिथे?" तिने विचारले.

"कोणी नाही. तसे काही लिहिलेले नाही."

"मग आपण होऊनच गेला." ती दिव्याकडे पाहत होती. "बुवांनी ते सांगितलं की मला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"काही नाही. रहामीमला मी कडेवर घेऊन विहिरीवर न्यायची. पाच वर्षांची मी, आणि तो पोर केवढा जड! बोलायला लागला तेव्हा पहिल्यांदा ताई म्हणाला, आई नाही म्हणाला. त्याची आई चिडली. पुढे शाळेत जायला लागला आणि कोणी तरी त्याला शिकवलं."

"काय शिकवलं?"

"केतुरा म्हणायला."

गावात हे सर्वांना माहीत होते आणि कोणी उच्चारत नव्हते: केतुराबाई ही जुन्या हसाजी मुकादमांची मुलगी. तिची आई राही त्यांच्या घरी कामाला होती. जुने मुकादम वईच्या अलीकडे, सर्वांत उंच दगडाखाली निजले होते, राही पलीकडे. पलीकडच्या दगडावर नावसुद्धा नव्हते. आणि आजचे मुकादम रहामीम, जे सभेत काठीच्या मुठीकडे पाहत बसत, ते त्याच बापाचे, दुसऱ्या आईचे.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, प्रार्थनालयात त्या आठवड्याचा पाठ वाचला गेला. योगायोग असा की त्याच पाठात अब्राहामाचे मरण येते. हिब्रू वाचन संपले की मराठी अर्थ मी सांगत असे आणि त्यात माझी टीका भरपूर असे. त्या दिवशी एकही शब्द पदरचा घातला नाही. म्हाताऱ्याला इसहाक आणि इश्माएल या त्याच्या दोन्ही मुलांनी मिळून पुरले, असे सांगितले. त्यानंतर इसहाक बैर-लहाय-रोईजवळ राहिला, असे सांगितले. आणि पुस्तक मिटले.

लोक चुळबुळले, मास्तर इतक्यात थांबत नसे. ओसरीवरच्या खिडकीशी बायका बसत, तिथून केतुराबाईचा खोकला ऐकू आला. मुकादम पहिल्या बाकावर होते. त्यांनी दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले होते, आमच्यात प्रार्थनेत ठेवतात तसे. पण प्रार्थना केव्हाच संपली होती.

रविवारी, २१ तारखेला, सकाळी नऊ वाजता आम्ही कबरस्तानात जमलो. गवंडी चुन्याची फक्की आणि दोरीचे भेंडोळे घेऊन आला होता. एलोजींनी दोरीचे एक टोक हातात धरले होते. वईपलीकडून खराट्याचा आवाज येत होता. रविवारी सकाळी केतुराबाई उंबराखालची पडलेली फळे झाडायला जात असे. आम्ही येणार म्हणून तिने आपला वार बदलला नव्हता.

"मास्तर, कागद काढा," एलोजी म्हणाले. पण चिडवल्यासारखे म्हणाले नाहीत.

"कागद नाहीत. अर्ज मागे घेतो."

"का?"

"बाईंची इच्छा नाही. मी त्यांना न विचारता मागितले होते."

एलोजींनी दोरी खाली केली. माझ्यावर मिळालेला विजय त्यांना नेमका कुठे ठेवावा ते कळले नसावे. "म्हणजे भिंत वईवरून," ते पुटपुटले. "ठरल्याप्रमाणे."

"मास्तर," मुकादम म्हणाले. ते आपल्या वडिलांच्या दगडाशेजारी उभे होते. "तिची काय इच्छा आहे?"

"तिला तिच्या आईजवळ आणि मुलाजवळ निजायचे आहे. मुलाला सोबत कोणी नाही, म्हणते."

"आणखी काय म्हणते?"

वाद घालण्याची संधी समोर चालून आली होती. एक मुद्दा, दोन मुद्दे, आणि शेवटी एक डौलदार वाक्य. ते सगळे मला तयार दिसले. मी ते तसेच राहू दिले.

"तिने मला एक प्रश्न विचारला," मी म्हणालो. "इसहाकाला त्या विहिरीवर कोणी नेले, असा."

"तू काय सांगितलंस?"

"कोणी नेले नाही. आपण होऊन गेला."

खराट्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मग मुकादम काठी टेकत निघाले. वईच्या खाडीकडच्या टोकाला, जिथे गुरांनी निवडुंग तुडवून वाट केली होती, तिथे ते थांबले. मुकादमांच्या घरातले कोणी त्या वाटेने गेल्याचे आम्हांपैकी कोणी पाहिले नव्हते. त्यांच्या कोटाची बाही काट्यात अडकली. मी पुढे झालो. त्यांनी हातानेच मला थोपवले, बाही स्वतः सोडवली आणि पलीकडे गेले.

आम्ही दहा जण वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. उंबराखाली जमीन स्वच्छ झाडलेली होती. केतुराबाईने त्यांना पाहिले, खराटा बाजूला धरला आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला, मुकादमांपुढे कोणतीही बाई ओढते तसा.

"ताई," मुकादम म्हणाले.

तिचा पदर धरलेला हात तिथेच राहिला. साठ वर्षांनी ऐकलेला शब्द ओळखायला माणसाला थोडा वेळ लागतो.

"इशा कुठला?" त्यांनी विचारले.

तिने एक लहानसा दगड दाखवला. वीतभर असेल.

"आणि आई?"

"ही."

"नाव नाही दगडावर."

"कोण घालणार?"

मुकादमांनी मान खाली घातली. मग विचारले, "तुझी जागा कुठली धरली आहेस?"

"ह्या दोघांच्या मधली. मी लहानच आहे, मावते."

त्यांनी काठीच्या टोकाने त्या जागेच्या शेजारची जमीन चाचपली. "इथे कोण आहे?"

"कोणी नाही. उंबराची मुळं आहेत."

"मुळं तोडता येतील."

"नको तोडूस. झाड मरेल." तिने पदर मागे सारला आणि त्यांना खालच्या बाजूची जागा खराट्याने दाखवली. "तू जरा असा खाली सरक."

मुकादम दोन पावले खाली सरकले. तिने पाहिले, मान तिरकी करून अंदाज घेतला.

"आता बरोबर," ती म्हणाली.

माझ्या मागे कोणी तरी नाक ओढले. मी वळून पाहिले नाही, पण तो एलोजींचा आवाज होता हे मला आजही शपथेवर सांगता येईल. त्या गोष्टीला पस्तीस वर्षे झाली. माझा कोश नंतर छापला गेला. त्यात बैर-लहाय-रोईची नोंद चार ओळींची आहे आणि चौथी ओळ इसहाकाची आहे. हरणाच्या जबड्याविषयी कोणाला जाणून घ्यायचे असेल तर त्याने मला पत्र लिहावे.

गवंडी भेंडोळे काखेत धरून खोळंबला होता. एलोजींनी घसा साफ केला.

"मुकादम," त्यांनी वाटेच्या तोंडाशीच उभे राहून विचारले, "दोरी कुठून धरू?"

मुकादम आमच्याकडे वळले. आवाज सभेतला होता, तसाच कोरडा, तसाच ठाम.

"मास्तर, लिहा. मुकादम रहामीम हसाजी यांची कबर उंबराखाली, त्यांच्या बहिणीच्या शेजारी. दोरी त्या बेताने धरा."